माझ्या मोबाइलवर तर चालतंय

आपल्याकडे वायफायच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव आहे: रेंज. व्हिडिओ अडकला, रेंज नाही. पैसे पाठवताना ते चक्र गरगरत राहिलं, रेंज नाही. डोकं जड असो, पोट बिघडलेलं असो की अंगात कणकण असो, आमची आजी एकच निदान करायची, 'बाधलंय काहीतरी'. रेंज हे त्याच जातीचं निदान. नाव ठेवलं की दुखणं कळल्यासारखं वाटतं आणि शोधायचं राहून जातं.

हे जरा चिडूनच लिहितेय, कारण गेल्या दिवाळीनंतर या एका शब्दापायी माझ्या ताईचा क्लास बंद पडायची वेळ आली होती.

ताई कराडला असते. गणितात एम.एस्सी. लग्नाआधी तीन वर्षं शाळेत शिकवलं, मग मुलगी झाली, नोकरी सुटली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने घरूनच नववी-दहावीचा ऑनलाइन गणिताचा क्लास सुरू केला. संध्याकाळी सात ते आठ. चौदा मुलं, बरीचशी आजूबाजूच्या गावांतली, ज्यांना रात्री क्लास सुटल्यावर घरी परतायची सोय नाही. माडीवरची छोटी खोली, दाजींच्या ऑफिसातून निकालात निघालेला एक डेस्कटॉप आणि गणितं लिहायला एक पेन टॅब्लेट, एवढं भांडवल. राउटर खाली हॉलमध्ये. माडीवर वायर न्यायची तर भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि ताईचे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांचं म्हणणं, "तात्पुरत्या कामासाठी भिंत कशाला फोडायची?" म्हणून मग कॉम्प्युटरच्या मागे नखाएवढा यूएसबी वायफाय डोंगल खोचलेला. त्याच्यावर सगळा कारभार.

दिवाळीनंतर क्लास मध्येच तुटायला लागला. एका तासात तीनदा, चारदा. मुलांना दिसायचं ते असं, की मॅडमचा हात वर्तुळाच्या स्पर्शिकेपाशी थांबलाय आणि तोंड अर्धवट उघडं आहे. दोन मिनिटांनी मॅडम परत येणार, "कुठपर्यंत आलो होतो?" विचारणार, पुन्हा गायब होणार. डिसेंबरपर्यंत चौदाची नऊ मुलं झाली. पालक भांडत नव्हते. "मॅडम, नेटचं बघा की जरा," एवढंच म्हणायचे, आणि पुढच्या महिन्यात फी यायची नाही.

घरात ज्याने त्याने आपापलं निदान केलं. दाजी म्हणाले, "माझ्या मोबाइलवर तर चालतंय, त्याच खोलीत बसून." आबा म्हणाले, "या असल्या गोष्टींचं असंच असतं." इंटरनेटवाल्या कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा दुपारी. त्याने स्पीड टेस्ट लावली, काटा सर्रकन वर गेला, "फुल येतंय मॅडम" म्हणाला. पहिल्यांदा त्याने कनेक्टर बदलला, दुसऱ्यांदा अख्खा राउटर. ताई सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एकच वाक्य सांगत होती: "क्लासच्या वेळेलाच जातं." ते वाक्य सगळ्यांनी असं ऐकलं, जसं आपण 'नेमका आपल्याला उशीर झाला की रिक्षा मिळत नाही' हे ऐकतो. म्हणजे वैताग म्हणून. माहिती म्हणून कुणीच नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे. आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. ग्राहक सांगतो की बटण दाबलं की सगळं कोसळतं, आणि लिहिणारा शांतपणे म्हणतो, माझ्या मशीनवर तर चालतंय. हे वाक्य खरं असतं, हीच त्यातली गंमत. त्याच्या मशीनवर चालतच असतं. पण त्यातून फक्त त्याच्या मशीनबद्दल कळतं. दाजींचा मोबाइल आणि दुपारची स्पीड टेस्ट, दोन्ही याच प्रकारातले पुरावे. जे तपासलंच नाही त्याला क्लीन चिट देणारे.

आणि जी बिघाडं शोधायला बसलं की लपतात, त्यांना आमच्यात 'हायझेनबग' म्हणतात, हायझेनबर्गच्या नावावरून. जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली यंत्रं का बंद पडतात यावर एक निबंध लिहिला, त्यात हा शब्द आहे. अशा बिघाडात तज्ज्ञ माणूस येऊन उपयोग होत नाही, कारण तो येतो तेव्हा सगळं ठीक असतं. उपयोग होतो तो रोज त्या यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाचा.

पुण्यातून बघायचं म्हटलं तर पंचाईत होती. रिमोट घेऊन तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं तर ज्या दोरीवरून चढायचं तीच तुटत होती. शेवटी एका शनिवारी स्वारगेटहून गाडी पकडली. दुपारी जेवायला कराडला.

पहिला प्रश्न असा, की तुटतंय नेमकं कुठे? आपण 'नेट गेलं' म्हणतो तेव्हा वाटेतले दोन वेगळे तुकडे एकत्र करून टाकतो. कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत हवेतला रस्ता, आणि राउटरपासून पुढे जगापर्यंत वायरचा रस्ता. स्पीड टेस्ट दोन्ही एकदम मोजते, म्हणून बिघाड शोधायला ती फारशी कामाची नाही. त्यापेक्षा 'पिंग' नावाची जुनी, साधी आज्ञा बरी. माइक मूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये, समोर आलेला नेटवर्कचा एक घोळ शोधण्यासाठी ती लिहिली. नाव घेतलं पाणबुडीच्या सोनारवरून: टिंग करून आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी कधी येतो ते मोजायचं. मी दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत घरच्याच राउटरला पिंग, १९२.१६८.१.१. दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. दोन्ही चालू ठेवून आम्ही संध्याकाळची वाट बघत बसलो.

दुपारभर राउटरचा प्रतिध्वनी दोन-तीन मिलिसेकंदांत येत होता. सातला क्लास सुरू झाला. सात वाजून चार मिनिटांनी आकडे चढायला लागले. चाळीस, तीनशे, नऊशे, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. दोन्ही खिडक्यांत एकदम. म्हणजे बाहेरचा रस्ता लांबच राहिला, पंधरा पायऱ्यांखाली ठेवलेला राउटरच ऐकू येत नव्हता. इंटरनेट कंपनीचा यात काडीचा संबंध नव्हता. बदललेला राउटर, बदललेला कनेक्टर, दोन्ही फुकट गेले.

मात्र एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपत होती. कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हात दांड्या जवळपास पूर्ण होत्या. प्रतिध्वनी येत नाही आणि दांड्या मात्र भरलेल्या.

रविवारी सकाळी मी नेहमीचे संशयित एकेक करून तपासले. एकेक करून हे महत्त्वाचं, चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा बंद पडलं की आपण होतो तिथेच. विंडोज वीज वाचवायला डोंगल झोपवू शकतं, ती परवानगी काढून घेतली. फरक नाही. ड्रायव्हर नवा टाकला. फरक नाही. मग चॅनेल.

इथे थोडं थांबायला हवं, कारण वायफाय ज्या हवेत चालतं ती हवा म्हणजे गायरान आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कुणाच्या मालकीचा नाही. अमेरिकेने १९८५ मध्ये असे काही पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले, आपल्याकडे २.४चा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला. परवाना नाही म्हणून राउटर स्वस्त आणि घरोघरी. आणि परवाना नाही म्हणूनच तिथे सगळ्यांची गुरं. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, बिनवायरचे माउस. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न गरम करतो, त्याच्या दारातून थोडं गळलं तरी शेजारच्या वायफायला झळ लागते. या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांच्या वाटेत न येणारी पाहिजेत तर १, ६ आणि ११ एवढी तीनच. ताईच्या गल्लीत माझ्या फोनला अकरा नेटवर्कं दिसत होती, त्यातली सात ६ नंबरवर दाटीवाटीने बसलेली, आणि त्यांत ताईचंही. तिचं ११वर नेलं. दुपारचा प्रतिध्वनी जरा आणखी नियमित झाला. संध्याकाळी सात वाजून चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

"लोड येत असेल," दाजी म्हणाले. व्हिडिओ, नऊ मुलं, स्क्रीन शेअर. म्हणण्यात तथ्य असू शकत होतं. म्हणून सोमवारी मी सुट्टी टाकली आणि सकाळी खालच्या हॉलमध्ये बसून ताईशी चाळीस मिनिटं व्हिडिओ कॉल केला, स्क्रीन शेअर लावून. तिने मला अख्खा थेल्सचा प्रमेय शिकवला. प्रतिध्वनी तीन मिलिसेकंद, एकदाही चुकला नाही. लोड बाद.

तेव्हा ताई पुन्हा म्हणाली, "अगं मी सांगतेय ना, क्लासच्या वेळेलाच जातं."

तिच्याकडे मुलांच्या हजेरीची वही होती. नोव्हेंबरपासून तिने हजेरीच्या बाजूला पेन्सिलने वेळा टिपल्या होत्या. ७.०४. ७.०५. ७.०३. मग ७.१९, ७.४० अशा पुढच्या. पण रोजची पहिली वेळ बघा. सात वाजता कधीच नाही. सव्वासातला कधीच नाही. दीड महिना रोज, सात वाजून तीन ते पाच मिनिटं. एवढा स्वच्छ लॉग आमच्या कंपनीत पगारी लोकांना लिहिता येत नाही. ती वही कुणी मागितली नव्हती आणि तिने दाखवायचा प्रयत्न केला तेव्हा कंपनीच्या मुलाने "हो का" म्हणून मोबाइलमध्ये बघितलं होतं. दुपारी तपासायला आलेल्या माणसाला संध्याकाळची वही कशाला हवी?

मी तिला म्हटलं, आता क्लास घेतेस तसा घे. मुलं नाहीत असं समजू नकोस. खोलीत पाऊल टाकल्यापासून जे जे करतेस ते सगळं कर आणि बोलत बोलत कर. पंखा लावतेस तर तेही सांग.

ताईने ट्यूबलाइट लावली. पंखा बंद केला, माइकमध्ये आवाज येतो म्हणून. दार लोटून घेतलं. कॉल सुरू केला. "आता हजेरी," म्हणाली आणि नऊ नावं खरंच वाचली. यात तीनेक मिनिटं गेली. मग खाली वाकली, टेबलाखालून कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि एक वायर खोचली.

"हे काय?"

"हार्ड डिस्क. रेकॉर्डिंग त्याच्यावर करते ना. या डब्यात जागा कुठे आहे?"

खिडकीतले आकडे तोवर तीनशेवर गेले होते.

काढ म्हटलं. काढली. तीन मिलिसेकंद. लाव. टाइम्ड आउट. काढ, लाव, काढ, लाव, असं आम्ही सहा वेळा केलं. सहाव्यांदा ताई खाली वाकलेल्या अवस्थेतच हसायला लागली. तसं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी बघत होते.

झालं होतं ते असं. आताच्या हार्ड डिस्क यूएसबी ३.० वर चालतात, त्यांची ती निळ्या जिभेची खाच तुम्ही बघितली असेल. तिच्यातून सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत माहिती धावते. वायर काही रेडिओ स्टेशन नाही, तिला काही प्रक्षेपित करायचं नसतं, पण इतक्या वेगाने विजेची उघडझाप झाली की आजूबाजूला विद्युतचुंबकीय गोंगाट सांडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. ही काही दंतकथा नाही. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक मापनांसकट शोधपत्र काढलं होतं, आणि उपायही त्यातच होते: वायर-कनेक्टरला नीट धातूचं कवच घाला आणि अँटेना यूएसबीच्या खाचेपासून लांब ठेवा. ताईच्या डब्याला मागे दोनच निळ्या खाचा, एकमेकींना चिकटून. एकीत डोंगल. दुसरीत हार्ड डिस्क. मधलं अंतर बोटभरसुद्धा नाही.

आता त्या भरलेल्या दांड्यांचं कोडंही सुटतं. राउटरकडून डोंगलपर्यंत पोचणारा सिग्नल किती क्षीण असतो याची आपल्याला कल्पना नसते. बऱ्यापैकी चालणाऱ्या वायफायला उणे ७० डीबीएम असा आकडा दिसतो, त्याचा अर्थ एका मिलीवॅटचा एक कोटीवा भाग. एवढीशी कुजबुज, खालच्या मजल्यावरून, पत्र्याच्या डब्याच्या मागून. पिठाच्या गिरणीत गिरणीवाल्याशी बोलायला जा. तो तेवढ्याच आवाजात बोलतोय, तुम्हाला त्याचे ओठ दिसताहेत, पण पट्टा फिरायला लागला की शब्द लागत नाही. दांड्या फक्त बोलणाऱ्याचा आवाज मोजतात. गिरणी चालू आहे का, ते त्यांना ठाऊक नसतं.

आणि दाजींचा मोबाइल का चालत होता? तो त्यांच्या हातात होता. डोंगल कॉम्प्युटरच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, हार्ड डिस्कला खेटून. शिवाय मोबाइल राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला होता, ताईच्या स्वस्तातल्या डोंगलला तो पट्टा येतच नाही. 'त्याच खोलीत' हे शब्द माणसांसाठी ठीक आहेत, रेडिओलहरींसाठी चार फूट म्हणजे वेगळा गाव. लॅपटॉपचा अँटेनासुद्धा बहुधा पडद्याच्या कडेने, उंचावर बसवलेला असतो. डेस्कटॉप बिचारा टेबलाखाली, पत्र्याच्या आड.

उपाय करायला पाच मिनिटं लागली. हार्ड डिस्कची वायर निळ्या खाचेतून काढून पुढच्या बाजूच्या काळ्या खाचेत घातली, म्हणजे यूएसबी २.० वर. वेग पुष्कळ कमी होतो, पण क्लासच्या रेकॉर्डिंगला लागतो तेवढा त्याच्या कितीतरी पट अजूनही उरतो. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी बाजारातून मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली आणि डोंगल टेबलाखालून उचलून फडताळावर, जिन्याकडे तोंड करून ठेवला. त्या संध्याकाळी क्लास सात ते आठ चालला. ताईने वहीत सवयीने पेन्सिल धरली होती, आठ वाजेपर्यंत काही लिहायला मिळालं नाही.

रेकॉर्डिंगच बंद कर, असं मी तिला सुचवू शकले असते. तोही उपाय होता, आणि घरातल्या कुणी आधी शोधला असता तर तोच झाला असता. पण हार्ड डिस्क दिवाळीत आली होती ती याचसाठी. क्लासमधल्या दोन मुलींच्या घरी एकच फोन आहे आणि तो बापासोबत कामावर जातो. तो परत येतो साडेआठला. मग त्या दिवसाचा तास बघतात. म्हणजे ज्या मुलींना क्लास संध्याकाळी मिळत नव्हता त्यांच्यासाठी ताईने जे सुरू केलं, त्यानेच बाकीच्यांचा क्लास तुटत होता, आणि तिला ते कळायला काही मार्गच नव्हता. हार्ड डिस्क आणि वायफाय यांचा काय संबंध? मलाही तो पुस्तकात वाचून माहीत होता, बघितला पहिल्यांदाच.

मी परतायच्या आदल्या रात्री जेवताना दाजींनी विचारलं, "मग नक्की काय होतं?" मी सांगायला तोंड उघडलं तर ताईनेच सांगायला सुरुवात केली, गिरणीच्या उदाहरणासकट, आणि वही आणून पेन्सिलीच्या वेळा दाखवल्या. दाजींनी दोन पानं उलटली. "हे तू रोज लिहीत होतीस?" म्हणाले. ती म्हणाली, "मग काय करणार? कुणाला सांगून उपयोग होता का?" त्यावर कुणी काही बोललं नाही, आबांनी आमटी वाढायला सांगितली.

सोडून गेलेल्या पाचांतली दोन मुलं जानेवारीत परत आली. तिघं दुसरीकडे रुळली होती, दहावीच्या तोंडावर ती कशाला हलतील? पुढच्या वर्षासाठी आत्ताच चार पालकांनी विचारलंय.

डोंगल फडताळावर असला तरी ही तात्पुरतीच सोय आहे, हे मी ताईला सांगून आलेय. गल्लीत आणखी पाच राउटर आले की ११ नंबरवरही गर्दी होणारच. डेस्कटॉप कुठे उठून जात नाही, त्याला खरी वायरच शोभते. हे तिने घरात काढलं, आणि या वेळी आबा भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. इलेक्ट्रिशियन येऊन माप घेऊन गेलाय, अठरा मीटर केबल लागेल म्हणाला. पाडव्याच्या सुमाराला घराला रंग द्यायचा आहे. भोक रंगाच्या आधी पाडायचं की नंतर, यावर चर्चा चालू आहे.